‘आमचा देव’ आणि ‘आपला देव’ : शहापूर-मुरबाडच्या संदर्भात धर्माभ्यासाच्या भाषेची चिकित्सा

१

धर्म आणि सार्वजनिक जीवन यांचा परस्परसंबंध हा विषय पदव्युत्तर अभ्यासात आता स्थिर झाला आहे. समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मराठी व लोकसाहित्य अशा निरनिराळ्या विभागांत या विषयावर प्रबंध आणि प्रबंधिका लिहिल्या जातात. मुंबईपासून फार दूर नसलेले, आणि तरीही वन, पाडे व घाटवाटा यांनी व्यापलेले शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्याचे दोन तालुके क्षेत्रकार्यासाठी सोयीचे आहेत. ठाकर, वारली, कातकरी, महादेव कोळी हे आदिवासी समाज आणि कुणबी, आगरी इत्यादी शेतकरी समाज येथे शेजारीशेजारी नांदतात. अशा प्रदेशाचा धर्मजीवनाच्या दृष्टीने अभ्यास व्हावा, हे योग्यच आहे.

तथापि या प्रकारच्या लेखनाचा एक दोष वारंवार जाणवतो आणि त्याची चिकित्सा करणे हाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हा दोष माहितीच्या उणिवेचा नव्हे, भाषेच्या हाताळणीचा आहे. अभ्यासक प्रश्न एका भाषेत विचारतो, उत्तर दुसऱ्या भाषेत ऐकतो आणि निष्कर्ष तिसऱ्या भाषेत लिहितो. या प्रवासात उत्तरातला जो अंश गळून पडतो, तोच बहुधा सार्वजनिक जीवनाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा असतो, असे माझे प्रतिपादन आहे. हा अंश गळल्याने केवळ प्रबंध उणा होतो असे नाही. ज्यांच्याविषयी प्रबंध लिहिला त्यांच्या हक्कांनाही बाध येऊ शकतो.

२

आरंभ ‘धर्म’ या शब्दापासूनच केला पाहिजे. प्रश्नावलीत पहिल्या पाचदहा प्रश्नांत ‘आपला धर्म कोणता?’ असा प्रश्न हटकून असतो. हा प्रश्न मराठीत असला तरी त्यातील ‘धर्म’ मराठीचा नव्हे. तो ‘रिलिजन’ या इंग्रजी शब्दाचा मराठी वेष आहे. मराठी व्यवहारात धर्म केला जातो, म्हणजे दान दिले जाते. धर्मशाळा बांधली जाते. उतारावरून वाहणे हा पाण्याचा धर्म असतो. आणि शेजारधर्म पाळला जातो. शासनाच्या भाषेतही हा जुना अर्थ टिकून आहे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली काम करणारे अधिकारी ‘धर्मादाय आयुक्त’ म्हणून ओळखले जातात. उलट १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने उद्देशिकेत जो शब्द आला, त्यासाठी हिंदी पाठात ‘पंथनिरपेक्ष’ आणि मराठी पाठात ‘धर्मनिरपेक्ष’ असे दोन वेगळे शब्द योजले गेले. एकाच संविधानाच्या दोन भाषांत जेथे एकमत नाही, तेथे पाड्यावरच्या वृद्धाने या शब्दाचा अभ्यासकाला अभिप्रेत असलेलाच अर्थ घ्यावा, ही अपेक्षा गैर होय.

या शब्दाचा या प्रदेशाशी असलेला संबंध तर फारच जुना आहे. मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावावरून नाणेघाटाची चढण सुरू होते. घाटमाथ्यावरील लेण्यात सातवाहनकालीन प्राकृत शिलालेख आहे. त्याच्या आरंभी ज्यांना नमन केले आहे, त्यांत इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपाल यांच्यासह धर्माचेही नाव येते. येथे धर्म हा नमस्काराचा विषय आहे. अनेक पर्यायांतून निवडावयाचे ते नाव नव्हे. पुढे त्याच लेखात यज्ञांची व त्यांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापण अशा दक्षिणांची मोजदाद आहे. हा लेख कोकणातून देशावर जाणाऱ्या व्यापारी वाटेवर कोरला गेला, हे लक्षात घेतले म्हणजे धर्म, राज्यसत्ता आणि बाजार ही तीन प्रकरणे वेगळी मानण्याची आपली सवय किती अलीकडची आहे हे ध्यानात येईल.

व्युत्पत्तीचा मोह हा याच प्रकारचा आणखी एक धोका आहे. मुरबाड तालुक्यातील म्हसे येथे पौष पौर्णिमेपासून म्हसोबाची जत्रा भरते आणि तेथील बैलबाजार प्रसिद्ध आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ (१९६२) या ग्रंथात म्हसोबा आणि महिषासुर यांच्या संबंधाची चर्चा केली. गुंथर सोन्थायमर यांनी १९७६ च्या आपल्या जर्मन ग्रंथात बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा या दैवतांचा धनगरांच्या जीवनाशी असलेला संबंध उलगडला. दोन्ही कार्ये मोलाची आहेत. पण त्यांच्या आधारे ‘म्हसोबा म्हणजे महिषासुर’ एवढे लिहून जो विद्यार्थी थांबतो, त्याने म्हशाच्या जत्रेविषयी काहीच सांगितलेले नसते. शब्दाचे मूळ हा शब्दाचा अर्थ नव्हे, हा भाषाविज्ञानाचा प्राथमिक नियम दैवतांनाही लागू आहे. जत्रेत बैलाचा सौदा कोणाच्या साक्षीने ठरतो, मान कोणाचा, वाद कोण मिटवितो, सोयरीक कोठे जुळते, हे प्रश्न म्हसोबाच्या आजच्या अर्थाचे प्रश्न आहेत.

३

या अभ्यासाची आपल्याकडील परंपरा पाहू लागलो म्हणजे हा दोष कोठून आला ते स्पष्ट होते. नाशिकचे कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन यांनी गावोगावच्या शाळामास्तरांकडे प्रश्नावली पाठवून लोकसमजुतींची माहिती मागविली होती. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिक येथे त्यांची हत्या झाली. पुढे आर. ई. एन्थोव्हेन यांनी ती सामग्री संपादित केली आणि तिचा कोकणविषयक खंड १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ठाणे जिल्ह्याच्या खेड्यांतील शिक्षकांची उत्तरे या खंडात आहेत. एवढ्या प्रमाणावर, आणि बहुधा उत्तर देणाऱ्या शाळेच्या गावाचा निर्देश करून, केलेला हा संग्रह आजही उपयोगी आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे.

पण या खंडाची प्रकरणे पाहावीत. निसर्गशक्ती, वीरदैवते, रोगदैवते, पूर्वजपूजा, दृष्ट, वृक्ष व नाग यांची पूजा, असा तो क्रम आहे. आणि विल्यम क्रुक यांच्या उत्तर हिंदुस्थानातील लोकधर्मावरील ग्रंथाच्या (१८९६) प्रकरणांशी त्याचे साम्य इतके आहे की ते योगायोगाने घडले असे म्हणवत नाही. म्हणजे कोकणातल्या मास्तरांनी जी उत्तरे दिली, ती ठेवण्याचे कप्पे गंगा-यमुनेच्या काठी तयार झाले होते. दुसरी गोष्ट अशी की, मास्तर हा गावात राहणारा असला तरी पुष्कळदा गावाच्या पूजेअर्चेत बाहेरचाच असे. पाड्यावरचा माणूस जे बोलला ते मास्तराने शिष्ट मराठीत घातले आणि संपादकाने ते इंग्रजीत नेले. मूळ वाक्य छापील पानावर कोठेच उरले नाही. उरले ते एक सर्वसाधारण विधान : अमुक लोक अमुक देवास भजतात.

पुढच्या पिढीने कप्पे बदलले, पण पद्धत फारशी बदलली नाही. १९३१ पर्यंतच्या जनगणनांत आदिवासींच्या धर्मासाठी आधी ‘अ‍ॅनिमिस्ट’ आणि शेवटी ‘ट्रायबल रिलिजन’ असे शीर्षक होते. १९४३ मध्ये गो. स. घुर्ये यांनी आदिवासी हे मागास हिंदूच होत असा पक्ष मांडला. त्याच वर्षी व्हेरिअर एल्विन यांची ‘द अ‍ॅबोरिजिनल्स’ ही पुस्तिका आली व तिने आदिवासींच्या वेगळ्या जीवनपद्धतीच्या रक्षणाची बाजू घेतली. हा वाद आपल्या अभ्यासक्रमात अजून शिकविला जातो आणि शिकविला जावा. परंतु दोन्ही पक्षांचा प्रश्न एकच होता : या लोकांना कोणत्या नावाच्या रकान्यात घालावे? त्या लोकांच्या बोलण्यात रकान्यांची रचना कशी आहे, हा प्रश्न कोणत्याच पक्षाने मध्यभागी आणला नाही. के. जे. सावे यांचा वारल्यांवरील ग्रंथ (१९४५) आणि ल. ना. चापेकर यांचा सह्याद्रीतील ठाकरांवरील ग्रंथ (१९६०) ही प्रत्यक्ष परिचयातून झालेली कामे आहेत. पण मराठी लेखकांनी मराठीच्या बोली बोलणाऱ्यांविषयी लिहिलेले हे ग्रंथही इंग्रजीत आहेत.

४

आता गळून पडणारा अंश कोणता, ते नेमके सांगितले पाहिजे. मी येथे तीनच व्याकरणिक गोष्टींचा विचार करतो.

पहिली गोष्ट सर्वनामाची. मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत. ‘आम्ही’ या रूपात ऐकणारा वगळला जातो. ‘आपण’ या रूपात तो सामावला जातो. इंग्रजीत हा भेद नाही. ‘आमचा देव’ आणि ‘आपला देव’ या दोहोंचे भाषांतर इंग्रजीत एकच होते. परंतु एखाद्या पाड्यावरील ठाकर माणूस शेजारच्या कुणब्याशी बोलताना शिवेवरच्या वाघदेवाला ‘आपला’ म्हणतो आणि घरातल्या हिरव्याला ‘आमचा’ म्हणतो, असे आढळले, तर त्याने आपल्या धार्मिक जीवनातील खाजगी आणि सार्वजनिक यांची सीमारेषा एका प्रत्ययात आखून दाखविली असे होईल. ‘धर्माचे सार्वजनिक जीवनातील स्थान’ या शीर्षकाखाली शोधावयाचे जे आहे, ते हेच होय. मात्र येथे सावधगिरी हवी. ‘आपला’ हे रूप आत्मवाचकही आहे, आणि आदरार्थी द्वितीयपुरुषीही आहे. ‘तो आपला देव पुजतो’ या वाक्यात समावेशाचा प्रश्नच नाही. म्हणून केवळ शब्द टिपून भागत नाही. कोण बोलले, कोणाशी बोलले आणि तेथे आणखी कोण उपस्थित होते, हेही टिपावे लागते. अभ्यासकाशी बोलताना वापरलेले ‘आमचा’ हे त्याला परका मानून वापरलेले असू शकते. त्यावरून शेजाऱ्यालाही वगळले आहे असा निष्कर्ष काढता येत नाही.

दुसरी गोष्ट काळाची. प्रबंधांतील वाक्ये बहुधा रीतिवर्तमानात असतात : ‘हे लोक वाघदेवाची पूजा करतात.’ माहिती देणारा मात्र पुष्कळदा ‘करायचे’ असे म्हणालेला असतो. ‘करायचे’ आणि ‘करतात’ यांमध्ये जंगलाचा सारा इतिहास उभा आहे : वनखात्याच्या राखीव क्षेत्राची सीमा, १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम, बंद झालेली पारध आणि धरणाखाली गेलेली जमीन. मुंबईला पाणी पुरविणारा १८९२ चा तानसा तलाव आणि पुढे झालेले भातसा धरण ही दोन्ही शहापूर तालुक्यात आहेत. अशा प्रदेशात भूतकाळाचा वर्तमानकाळ करणे ही लेखनशैलीची बाब राहत नाही. त्याने घडलेला बदल पुसला जातो आणि समाज काळाबाहेर आहे असा आभास निर्माण होतो. याच्या उलट ‘हे लुप्त झाले’ असे घाईने लिहिण्याचाही धोका आहे. वारली आणि वाघोबा यांच्या संबंधावर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने हे दैवत जिवंत असल्याचे आणि बिबट्यासह राहण्याच्या आजच्या व्यवहाराशी त्याचा संबंध असल्याचे दाखविले आहे.

तिसरी गोष्ट ‘म्हणे’ या अव्ययाची. मराठी माणूस स्वतः पाहिलेले आणि ऐकीव यांत भेद करतो. ‘या झाडाखाली देव होता’ आणि ‘या झाडाखाली देव होता म्हणे’ ही दोन भिन्न प्रमाणांची विधाने आहेत. पहिल्याची जबाबदारी बोलणारा घेतो, दुसऱ्याची परंपरेवर सोपवितो. भाषांतरात ‘म्हणे’ हा पहिला बळी असतो. त्यामुळे साक्ष आणि आख्यायिका एकाच ओळीत येऊन बसतात, आणि चिकित्सक वाचकाला मग दोहोंवरही विश्वास ठेवता येत नाही.

सारांश, सर्वनाम ‘कोणाचे’ हे सांगते, काळ ‘केव्हापासून व केव्हापर्यंत’ हे सांगतो आणि ‘म्हणे’ ‘कशाच्या आधारे’ हे सांगते.

५

या तीन प्रश्नांना केवळ विद्यापीठीय महत्त्व असते, तर हा लेख येथेच संपविता आला असता. पण हेच तीन प्रश्न आज कायदाही विचारतो. वनहक्क अधिनियम, २००६ नुसार दावा प्रथम ग्रामसभेपुढे येतो आणि मग उपविभागीय व जिल्हा समित्यांकडे जातो. २००८ च्या नियमांतील तेराव्या नियमात पुराव्यांची जी यादी आहे, तीत विहिरी, दफनभूमी व पवित्र स्थाने अशा प्राचीनत्व दाखविणाऱ्या पारंपरिक खुणा येतात. सामूहिक हक्कांच्या संदर्भात पवित्र वृक्ष आणि देवराया येतात. आणि दावेदारांव्यतिरिक्त अन्य वडीलधाऱ्यांचे लेखी घेतलेले निवेदनही येते. अनुसूचित जमातींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा वास व अवलंबन दाखवावे लागते. इतर पारंपरिक वननिवासींना त्यापूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा. स्थान कोणाचे, केव्हापासूनचे आणि कशाच्या आधारे, हेच येथेही विचारले जाते.

अशा वेळी प्रबंधात काय लिहिलेले असते? ‘येथील आदिवासी निसर्गपूजक आहेत.’ हे वाक्य कोणाच्याही उपयोगाचे नाही. निसर्गाला गट नंबर नसतो. वाघदेवाच्या दगडाला मात्र जागा असते, शीव असते, पूजेचा दिवस असतो, मानकरी घराणे असते. शहापूर तालुका पूर्णतः आणि मुरबाड तालुका अंशतः अनुसूचित क्षेत्रात मोडतो. तेथे १९९६ च्या पेसा अधिनियमाने परंपरा, रूढी व सामूहिक साधनसंपत्ती यांच्या जतनाचे काम ग्रामसभेकडे सोपविले आहे. धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीत ज्या देवस्थानाचा विश्वस्त मंडळासह उल्लेख आहे, त्याचे अस्तित्व सिद्ध करण्यास कागद पुरतो. झाडाखालच्या देवाला माणसांच्या शब्दांवाचून दुसरा कागद नाही.

नियमगिरीचे उदाहरण या दृष्टीने प्रत्येक पदव्युत्तर वर्गात चर्चिले जावे. १८ एप्रिल २०१३ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने ओडिशातील त्या डोंगरावरील खाणीच्या संदर्भात डोंगरिया कोंढ व इतर वननिवासींच्या धार्मिक व सांस्कृतिक हक्कांचा विचार ग्रामसभांनी करावा असे ठरविले. त्यानंतर बारा ग्रामसभा भरल्या आणि बाराही ग्रामसभांनी खाण नाकारली. तेथे धर्म सार्वजनिक जीवनात आला तो एखाद्या सर्वसाधारण सिद्धान्ताच्या रूपाने नव्हे. अमुक डोंगर, अमुक देव, अमुक गाव असा तो नेमका होता.

६

या प्रतिपादनावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, विद्यार्थी हा वकील नव्हे. हक्कांचा विचार मनात ठेवून केलेले संशोधन पक्षपाती होते. यातील पूर्वार्ध मला मान्य आहे, उत्तरार्ध नाही. मी दाव्याला अनुकूल अशी नोंद मागत नाही. नेमकी नोंद मागतो. वृद्धाने ‘म्हणे’ म्हटले असेल तर ते लिहिलेच पाहिजे, मग त्याने दावा दुबळा झाला तरी चालेल. जी नोंद प्रतिकूल गोष्टही तितक्याच काळजीने लिहिते, तिचेच अनुकूल वाक्य विश्वासार्ह ठरते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. नेमकी नोंद नेहमीच कल्याणकारी असते काय? निश्चितच नाही. ज्या शब्दसंग्रहात गावदेवी, धवलेरी आणि कणसरी आहेत, त्याच शब्दसंग्रहात ‘भुताळी’ हाही शब्द आहे; आणि तो एखाद्या स्त्रीला चिकटला म्हणजे तिचे जगणे कठीण होते. महाराष्ट्राने २०१३ मध्ये नरबळी व अमानुष, अनिष्ट, अघोरी प्रथांविरुद्ध अधिनियम केला, त्यामागे असेच अनुभव आहेत. लोकांचे शब्द जपावेत याचा अर्थ त्या शब्दांचा न्याय मान्य करावा असा होत नाही. येथेही उपाय भाषेतच आहे : हा शब्द कोणी, कोणाविषयी, कोणत्या भांडणाच्या संदर्भात उच्चारला हे पाहावे, वापराचे विश्लेषण करावे, व्यक्तीची ओळख मात्र कटाक्षाने गाळावी. नोंदवहीत असलेले सर्वच प्रबंधात यावे असा काही नियम नाही.

७

तात्पर्य, या विषयावरील प्रबंधांकडून तीन किमान अपेक्षा कराव्यात असे मी सुचवितो. मुख्य निष्कर्ष ज्या विधानांवर उभा आहे ती विधाने बोलणाऱ्याच्या बोलीत, नागरी लिपीत, प्रसंगासह परिशिष्टात द्यावीत. ‘धर्म’, ‘पूजा’, ‘श्रद्धा’ हे शब्द प्रश्नावलीत आधीच न घालता ‘पाळणे’, ‘मानणे’, ‘देवाचे करणे’, ‘आमच्यात चालत नाही’ अशा प्रयोगांतून प्रश्न उभे करावेत. आणि परीक्षकांनी संदर्भग्रंथांची संख्या मोजण्यापूर्वी या परिशिष्टाची चार पाने वाचावीत.

महाराष्ट्रात या अभ्यासाचा सार्वजनिक जीवनाशी थेट संबंध जोडणारा वारसा आहे. विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०१ ते १९०३ या काळात ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात तौलनिक धर्माचा अभ्यास केला, आणि परत आल्यावर १९०६ मध्ये डिप्रेस्ड क्लासेस मिशनची स्थापना केली. त्यांच्या ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ (१९३३) या ग्रंथात जातिनामांची चिकित्सा आणि माणसांच्या स्थितीची चौकशी एकत्र आढळते. शब्दाचा शोध आणि माणसाचा शोध ही त्यांनी दोन कामे मानली नाहीत. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर जाणाऱ्या विद्यार्थ्याने देवाचे नाव विचारावे, आणि तो देव सांगणाऱ्याने ‘आमचा’ म्हटला की ‘आपला’, हेही त्याच ओळीत लिहून ठेवावे.